वीतभर वाळूखालचा गारवा

तर ऐका. आम्ही जिथे उतरलो होतो, त्या तंबूला पाय होते.

खरोखरचे लाकडी पाय. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर फळ्यांचा मजला, त्याच्यावर जाड कॅनव्हासच्या भिंती, आत मऊ पलंग, पांढऱ्याशुभ्र चादरी, गरम पाण्याचं न्हाणीघर. समोरचा पडदा गुंडाळून वर बांधला की थेट क्षितिजापर्यंत तांबडी वाळू आणि मध्ये मध्ये पिवळं वाळलेलं गवत. दुकान नाही, रस्त्यावर दिवा नाही, दुसरं घर नाही. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला नामिबिया नावाचा देश आहे, तिथल्या नामिब वाळवंटाच्या कडेला नामिबरँड म्हणून मोठं राखीव क्षेत्र आहे, त्यात हा मुक्काम. अशा ठिकाणचं राहणं महाग असतं. माझ्या पेन्शनीत ते बसलं नसतं. तुमच्या आत्यानं हट्ट धरला आणि आम्हा दोघांना नेलं.

काय म्हणालीस थोरले? तंबूला पाय कशाला? अगदी हाच प्रश्न तुमच्या आजीनं पहिल्या संध्याकाळी विचारला. आमची गाईड नामा समाजातली होती, त्या वाळूतच वाढलेली. ती म्हणाली, "दोन कारणं. एक, उद्या हा तंबू हलवला तर खाली चार खांबांच्या खुणांखेरीज काही राहू नये. आणि दुसरं कारण उद्या दुपारी तुमचा हातच तुम्हाला सांगेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आम्हाला टेकडीच्या उतारावर नेलं आणि म्हणाली, तळहात वाळूवर ठेवा. ठेवला आणि लगेच उचलला. मे महिना होता, म्हणजे तिकडे हिवाळा दाराशी आलेला, तरी हात पोळला. उन्हाळ्यातल्या भर दुपारी हीच वाळू ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. मग ती म्हणाली, आता उकरा. मी उकरत गेलो. चार बोटं खाली गेल्यावर वाळू नुसती कोमट लागली. वीतभर खाली गेल्यावर चक्क गार! आजीनं तर कोपरापर्यंत हात घातला आणि काढायलाच तयार होईना.

बाळांनो, त्या मुक्कामात मी डोंगराएवढ्या टेकड्या पाहिल्या, पण माझ्या मनात घर केलं ते या वीतभर अंतरानं. कोरडी वाळू उष्णतेची फार वाईट वाहक आहे. दोन कणांच्या मध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे वरचा ताप खाली झिरपायला तासन्‌तास लागतात. तो जेमतेम खाली पोचतो न पोचतो तोच सूर्य मावळतो, आणि कोरड्या, निरभ्र आकाशाखाली वरचा थर भराभर निवायला लागतो. म्हणून पृष्ठभागावर दिवसाचा वैशाख आणि पहाटेचा पौष असं टोकाचं हवामान; हातभर खाली मात्र दिवस आणि रात्र यांत जवळजवळ फरकच नाही. वरच्या अंगालाही तसंच. पृष्ठभागापासून बोटभर वर गेलं तरी हवा कितीतरी अंशांनी सुसह्य होते. आमचा तंबू पायांवर का उभा होता, ते आलं ना आता ध्यानात?

आणि ही युक्ती माणसाच्या कितीतरी आधी तिथल्या भुंगेऱ्यांनी काढली. काळ्या कुळकुळीत अंगाचा, लांबच लांब पायांचा एक भुंगेरा भर उन्हात वाळूवर धावताना दिसतो. 'टोकटोकी' म्हणतात त्या भुंगेऱ्यांना, कारण त्यांच्यातले काही जोडीदाराला हाक मारायला पोट जमिनीवर आपटून टकटक करतात. तो पायांवर उंच होतो आणि अंग तेवढं बोटभर वरच्या हवेत नेतो. शिवाय सेकंदाला मीटरभर वेगानं धावतो, त्यामुळे अंगावरून वारा जातो. ऊन फारच वाढलं की तोंड खाली करून वाळूत शिरतो. तिथला एक सरडा तर आणखी मजेदार. फावड्यासारखं चपटं नाक असतं त्याचं. तापलेल्या वाळूवर उभा राहिला की एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा असे दोन पाय उचलतो, क्षणानं ते टेकवून उरलेले दोन उचलतो. धाकट्या, कर बघू! नाही, पडशील, राहू दे. आणि ते सोसेना झालं की सरळ वाळूत बुडी.

साप होता का? होता. पण साप दिसला म्हणणं चूक. त्याचे डोळे दिसले. टीचभर लांबीचा हा साप आपल्या कोकणातल्या फुरशाच्याच कुळातला, पेरिंग्वेचा ॲडर. फुरसं जसं आडवं आडवं सरकतं ना, तसाच हाही सरकतो. त्यात अंगाचा थोडाच भाग एका वेळी तापलेल्या वाळूला लागतो. मग अंग थरथरवत वाळूत रुततो, आणि त्याचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असल्यानं तेवढे दोन मणी बाहेर राहतात. कधी शेपटीचं काळं टोकही बाहेर ठेवून हलवतो. सरड्याला वाटतं किडा आहे. जवळ गेला की संपला. गाईडनं काठीनं दुरून दाखवलं नसतं तर माझा पाय नक्की तिथेच पडला असता.

पण वीतभर खालचं खरं राज्य गोल्डन मोलचं. मुठीत मावेल एवढा, सोनेरी मऊ केसांचा, आणि पूर्ण आंधळा. डोळ्यांवर कातडीच आहे. दिसायला चिचुंद्रीसारखा, पण नात्यानं तो चिचुंद्रीपेक्षा हत्तीला जवळचा आहे! हसू नका, जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पक्कं केलंय. तो पाणी पीत नाही. वाळूत बोगदा खणत नाही, कारण कोरड्या वाळूत बोगदा टिकतच नाही; तो वाळूत पोहतो. रात्री वर येतो, थोडं चालतो, थांबतो, डोकं वाळूत खुपसतो आणि ऐकतो. वाऱ्यानं गवताचा झुपका हलला की त्याची कंपनं वाळूतून दूरवर जातात. झुपका म्हणजे मुळाशी वाळवी, आणि वाळवी म्हणजे जेवण. आम्हाला त्याच्या मागाची रेघ तेवढी दिसली: थोडी पावलं, मग खळगा, पुन्हा पावलं, पुन्हा खळगा. ती रेघ मी बराच वेळ बघत उभा राहिलो होतो. डोळे नसलेल्या जिवानं अंधारात लिहिलेला तो मजकूर आम्ही उजेडात वाचत होतो.

आता थोरलीच्या मनात काय घोळतंय ते मला दिसतंय. पाणी कुठून येतं? आणि त्याच्याही आधी, समुद्राशेजारी वाळवंट कसं?

कोकणाला समुद्र आहे म्हणून पाऊस आहे, हो ना? नामिबच्या किनाऱ्याला समुद्र आहे आणि त्याच समुद्रामुळे पाऊस नाही. अटलांटिकच्या त्या काठानं बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो. तिथला वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्या पाण्यावरची हवा गार होते, जड होते, खालीच बसून राहते. वर गरम कोरड्या हवेचा थर झाकणासारखा. पाऊस पडायचा तर दमट हवा वर चढायला हवी. आपल्याकडे अरबी समुद्र कोमट आहे आणि हवेला वर ढकलायला सह्याद्री उभा आहे, म्हणून कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथल्या स्वाकोपमुंड गावात वर्षभरात २० मिलिमीटरसुद्धा नाही. पण गार हवेतल्या वाफेचं धुकं होतं, आणि समुद्रावरचा वारा ते धुकं वाळवंटात पन्नास-साठ किलोमीटर, कधी त्याहूनही आत घेऊन येतो. तेच तिथलं पाणी.

ते पाणी पिणाऱ्या भुंगेऱ्याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. आमच्या तंबूपाशी तो नव्हता; तो समुद्राकडच्या टेकड्यांवर राहतो. एरवी दिवसा फिरणारा प्राणी. पण रात्री धुकं आलं की गारठलेल्या अंगानं, जड जड पायांनी वाळूतून वर येतो आणि टेकडीच्या धारेवर चढतो. वाऱ्याकडे तोंड करतो, डोकं खाली घालतो, मागचा भाग वर उचलतो आणि तसाच ओणवा उभा राहतो. धुक्याचे कण त्याच्या पाठीवर जमतात, एकमेकांत मिसळून थेंब होतो, आणि थेंब उतारावरून घरंगळत सरळ तोंडात! एका धुक्यात हा पठ्ठ्या स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत पाणी पितो. मधल्या, तू तीस किलोचा. दहा लिटर पाणी एका बैठकीत पी, म्हणजे कळेल.

हे कुणी पाहिलं? त्या वाळवंटात कुइसेब नदीच्या कोरड्या पात्राकाठी गोबाबेब नावाचं संशोधन केंद्र आहे. चार्ल्स कॉख नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं ते १९६२ मध्ये सुरू केलं. पुढे मेरी सीली या बाईंनी तिथे आयुष्य घातलं. त्यांनी आणि हॅमिल्टन या त्यांच्या सहकाऱ्यानं १९७६ साली 'नेचर' या नियतकालिकात या ओणव्या भुंगेऱ्याची हकिगत प्रसिद्ध केली. धुकं रात्री येणार, ते कधी येईल याचा भरवसा नाही, आणि किडा जेमतेम नखाएवढा. थंडीत टेकडीच्या धारेवर बसून त्याच्याकडे बघत राहायचं. असली माणसं मला फार थोर वाटतात.

पुढची गंमत ऐका. २००१ मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी लिहिलं की भुंगेऱ्याच्या पाठीवर बारीक गाठी असतात, त्यांच्यावर पाणी जमतं. झालं, त्या गाठींची नक्कल करून धुकं पकडणारे पडदे बनवायची खटपट जगभर सुरू झाली. २०१० मध्ये आणखी दोघांनी वेगवेगळ्या भुंगेऱ्यांना कृत्रिम धुक्यात उभं केलं. पाहतात तर ज्याच्या पाठीवर गाठी, तो ओणवा होतच नाही. आणि जो ओणवा होतो, त्याच्या पाठीवर तशा गाठी नाहीत! पाणी धरण्यात पाठीपाठींत मोठा फरकही आढळला नाही. खरी करामत उभं राहण्यात होती. कोणाचंही लिहिलेलं वाचा, पण मग त्या किड्याकडेही जाऊन बघा.

त्याचाच एक भाऊबंद धारेवर चढत नाही. तो धुक्याच्या वेळी वाळूत आडवे चर काढतो, त्यांच्या कडांवर ओल धरते आणि ती तो चाखत जातो. तिथलं टेकडीवरचं एक गवत पानांवर धुकं धरतं, थेंब देठावरून बुंध्याशी सोडतं, आणि ते पाणी सूर्यानं उडवायच्या आत टिपायला त्याची मुळं वाळूत वरच्या वरच पसरलेली असतात, चार-पाच बोटं खोल आणि २० मीटरपर्यंत लांब! सापसुद्धा स्वतःच्या अंगावर जमलेलं धुकं चाटतो.

आमच्या तंबूत पाण्याचा तांब्या भरलेला असे. ते पाणी बोअरवेलचं, जमिनीत खोलवर साठलेलं, आणि तिथे पाऊस इतका कमी की उपसलेलं भरून यायला फार काळ लागतो. आजीनं पहिल्याच दिवशी न्हाणीघरातला मोठा फवारा बंद केला आणि बादली मागून घेतली. तिथे काम करणाऱ्या मुलीला इतका आनंद झाला!

बरं, वीतभर खाली जाणं लहान जिवांना जमतं. मोठ्यांनी काय करायचं? ओरिक्स नावाचं तिथलं हरीण कुळातलं जनावर आहे, गाईएवढं, तोंडावर काळेपांढरे पट्टे आणि तलवारीसारखी सरळ शिंगं. ते वाळूत कुठे शिरणार? ते टेकडीच्या माथ्यावर वाऱ्यात उभं राहतं. उन्हात अंगाचं तापमान वाढू देतं. आपण ज्याला भयंकर ताप म्हणू, तिथवर. मेंदूकडे जाणारं रक्त मात्र वाटेत बारीक नलिकांच्या जाळीतून जातं आणि नाकाकडून येणाऱ्या गार रक्ताशेजारून जाताना निवतं. पूर्वी वाटायचं की हे मेंदू वाचवायला. आता बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं की हे पाणी वाचवायला असावं: मेंदू गार असला की तो घाम गाळायचा हुकूमच देत नाही.

एवढ्यानं मात्र भागत नाही. मोठ्या जनावराला पाऊस पडेल तिकडे चालत जावं लागतं, कधी शेकडो किलोमीटर. आणि इथेच माणूस आडवा आला होता. या सगळ्या जमिनीवर पूर्वी मेंढपाळीचे मळे होते, मळ्यामळ्याला तारेचं कुंपण. पाऊस कुंपणापलीकडे पडला तर जनावरांनी तारेला नाक लावून मरायचं. १९८४ मध्ये अल्बी ब्रुकनर नावाच्या गृहस्थांनी तिथला एक मळा घेतला, मग शेजारचे घेत गेले, आतली कुंपणं काढून टाकली आणि दोन लाख हेक्टर जमीन जनावरांना चालायला मोकळी झाली. त्या शाही तंबूंतल्या पाहुण्यांच्या पैशातून हे राखीव क्षेत्र चालतं, म्हणून तंबू थोडे, एकमेकांपासून लांब आणि महाग. मला विचाराल तर हा व्यवहार मला पटला. तिथेच २००३ पासून मुलांसाठी एक शिक्षण केंद्रही आहे. नामिबियातल्या शाळांची मुलं येतात, सूर्यचुलीवर रांधतात, आपापलं पाणी मोजून वापरतात. फक्त पैसेवाल्या पाहुण्यांसाठीच ती वाळू राखली असती तर मला इतकं बरं वाटलं नसतं.

तिथल्या सपाट गवताळ भागात आणखी एक कोडं आहे. गवतात मध्येच गोल चकत्या, गवताचं पातंही नसलेल्या. काही खोलीएवढ्या, काही अंगणाएवढ्या, जिकडेतिकडे ठरावीक अंतरानं. त्यांना परीवलयं म्हणतात. २०१३ मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञानं सांगितलं की हे वाळवीचं काम: ती मुळं खाऊन जागा मोकळी करते, मग पावसाचं पाणी पिणारं गवतच तिथे उरत नाही आणि हातभर खाली ओल टिकून राहते. दुसरे म्हणतात, वाळवी नव्हे, गवतच पाण्यासाठी आपसात झगडून अशी रांगोळी घालतं. भांडण अजून चालू आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी मिटवलं तर मला कळवा!

आणि ती वाळू मुळात तिथली नाहीच! दूर लेसोथोच्या डोंगरांत उगम पावणारी ऑरेंज नदी ती अटलांटिकपर्यंत वाहून आणते, लाटा आणि प्रवाह तिला किनाऱ्यानं उत्तरेकडे नेतात, आणि मग वारा उचलून जमिनीवर टाकतो. कणांवर विश्वकिरणांनी केलेल्या खुणा मोजून २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी काढलं की वाळूचा कण त्या वाळूसागरात किमान १० लाख वर्षं फिरत असतो. फिरता फिरता त्यावर लोहाचा गंज चढतो. म्हणून किनाऱ्याकडची वाळू फिकट आणि आतली तांबडी.

रात्री फार थंडी. आमचा पलंग चाकांवर होता, तो बाहेर फळ्यांवर ओढून घेतला, पायाशी गरम पाण्याच्या पिशव्या. वर बघितलं आणि आजी म्हणाली, "अहो, ध्रुव कुठंय?" ध्रुव दिसणारच नव्हता, आपण पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात होतो. आपला अगस्त्य मात्र भेटला. इथे पुण्यात तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर येतो. तिथे ६० अंशांच्या वर चढतो, संध्याकाळी नैर्ऋत्येकडे कललेला असला तरी लखलखीत. आणि दक्षिणेला धुक्याच्या पुंजक्यासारखे दोन ठिपके, मॅजेलनचे मेघ. त्या आपल्या शेजारच्या आकाशगंगा. मोठ्या मेघाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १,६०,००० वर्षं लागतात. २०१२ मध्ये नामिबरँडला आफ्रिकेतलं पहिलं अंधारं आकाश राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. तिथला प्रत्येक दिवा खाली तोंड करून बसवलाय. आपल्याकडेही नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाऊ.

पण त्याच्या आधी उद्याचं काम. गल्लीच्या तोंडाशी बांधकामाची वाळू पडली आहे. तिथल्या मुकादमांना आधी विचारायचं, न विचारता हात लावायचा नाही. उन्हातला कोरडा ढीग निवडायचा. थर्मामीटर माझ्या कपाटातला, प्रयोगशाळेचा. तापाचा नको, तो ४२ अंशांपुढे मोजत नाही, फुटेल. मधल्यानं मोजायचं, थोरलीनं वहीत तीन रकाने आखायचे: पृष्ठभाग, चार बोटं, वीतभर. वीत प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून ती धाकट्याची धरायची आणि आधी पट्टीनं मोजून लिहून ठेवायची. सकाळी नऊपासून दर तासाला, आणि रात्री जेवणानंतर एकदा. पृष्ठभागावर सगळ्यांत जास्त आकडा दुपारी येईल हे मी सांगतो. चार बोटांखाली आणि वीतभर खाली तो किती वाजता येतो, ते मात्र सांगणार नाही. आज झोपायच्या आधी तिघांनी आपापला अंदाज वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि माझ्या चष्म्याच्या डबीत टाका.